घाटमाथ्यावर शंभर टक्के

ऑपरेटरबाईंनी निवृत्तीनंतर कॅम्पर ट्रेलर विकत घेतला तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, बाईंना घर पुरेना. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. दोन्ही निम्मे आळीपाळीने येऊन ट्रेलर आतून बघून गेले. पलंग बघितला, ओटा बघितला, एवढंसं न्हाणीघर बघितलं आणि जाताना प्रत्येक जण तो ओढायच्या गाडीकडे बोट दाखवून एकच बोलला, की नाकापेक्षा मोती जड झालाय. बाई म्हणाल्या, "नाक माझं, मोतीही माझा. तुम्हाला शिंक येतेय का?"

ऑपरेटरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तलावाची पातळी किती, टर्बाइनमधून पाणी किती सोडायचं, संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम दिवे लागतात त्या वेळेसाठी किती राखायचं, हे त्या ठरवत. कंट्रोल रूममध्ये गप्पा चालत नाहीत, आकडे चालतात. बाईंनी आकडा सांगितला की कुणी 'का' म्हणून विचारत नसे. ही सवय नोकरीत शोभली, संसारात मात्र तिने बरेच घोळ केले. नवरा हयात होता तोवर कुरकुरायचा, की हिच्याशी बोलायचं म्हणजे मीटर वाचायचं.

गाडी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही होती. म्हणजे एकाच पोटात पेट्रोलचं छोटं इंजिन आणि विजेची मोटर, शिवाय भिंतीतल्या सॉकेटवर भरता येईल अशी बॅटरी. शेजारपाजारच्यांना त्यातलं काही कळत नसे, पण बाईंना ती पहिल्या दिवशीच कळली. त्यांच्या दृष्टीने ती गाडी नव्हतीच. तो चार चाकांवरचा तलाव होता.

आता या तलावाला चौदाशे किलोचा ट्रेलर जोडून अकराशे किलोमीटर जायचं होतं. तिकडे बाईंची एकुलती एक लेक राहायची. तिचं पहिलं बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं आणि घर होतं दोन खोल्यांचं. बाईंचा बेत सरळ होता. ट्रेलर लेकीच्या अंगणात उभा करायचा, त्यात तीन-चार महिने राहायचं. कुणाच्या पायात यायचं नाही आणि हाक मारली की दोन पावलांवर हजर.

लेकीला आई हवी होती, ट्रेलर नको होता. फोनवर तिने आकाशपाताळ एक केलं.

"आई, तू चौसष्ट वर्षांची आहेस."

"माहितीय. वाढदिवसाला तूच फोन केला होतास."

"मध्ये घाट आहे. चोवीस किलोमीटरचा उतार आहे. लोक तिथे ट्रकचे ब्रेक जाळतात. तू रेल्वेने ये ना. बाहेरच्या खोलीत सोय करते."

"बाहेरच्या खोलीत तुझा नवरा काम करतो. मी सोफ्यावर किती दिवस झोपणार? पंधरा दिवसांत तुम्हालाच माझा कंटाळा येईल, आणि बोलणार कुणीच नाही."

शेवटी तह झाला. लेकीच्या अटी अशा, की आत्याने बरोबर यायचं, आणि घाट उतरायच्या दिवशी सकाळी अकराच्या आत पायथ्यावरून फोन यायचा. अकरापर्यंत फोन आला नाही, तर आई वर अडकली असं समजून जावई घरून निघतील. तिथून पुढे गाडी तेच चालवतील आणि त्यानंतर किल्ली लेकीच्या कपाटात राहील.

"म्हणजे कायमची?" बाईंनी विचारलं.

"कायमची. मला दोन जिवांची काळजी आधीच आहे आई. तिसऱ्याची झेपणार नाही."

किल्ली गेली की आपण काय होणार ते बाईंना स्वच्छ दिसत होतं. आईपण राहीलच, पण त्याच्या जोडीला जबाबदारी हे नवीन पद मिळेल. कुणीतरी सोडायचं, कुणीतरी आणायचं, कुणीतरी 'आज यांना कोण नेणार' म्हणून एकमेकांकडे बघायचं. पण आवाज नेहमीचाच ठेवून त्या म्हणाल्या, "कबूल."

आत्या म्हणजे बाईंच्या नणंद, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या. बाई त्यांना वन्सं म्हणत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आत्याला साक्षीदार नेमण्यात लेकीचा हिशेब पक्का होता. वन्संना खोटं बोलता येत नसे. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा त्यांनी गळकं छप्पर स्वतः काठीने दाखवलं होतं आणि वरून सांगितलं होतं, की पलीकडच्या वर्गातही गळतं, तिकडेही चला. अशा माणसाला एखादी गोष्ट पोटात ठेवा म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि बाईंच्या मनातही ते आलं नाही.

वन्सं एक बॅग, एक उशी आणि एक इस्त्री घेऊन हजर झाल्या.

"इस्त्री कशाला?" बाईंनी विचारलं.

"चुरगळलेल्या कपड्यांनी मी कुणाच्या दारात उभी राहत नाही, वहिनी. तुम्ही राहत असाल."

पहिले तीन दिवस बेत घड्याळासारखा चालला. सपाट रस्त्यावर बाई पेट्रोलवर चालत आणि बॅटरी राखून ठेवत. चढ आला की मोटर आणि इंजिन दोघांना मिळून ओढायला लावत. वन्संना हे काही पटेना.

"वीज भरलेली आहे ना? मग पेट्रोल का जाळताय?"

"चढ यायचाय," बाई म्हणाल्या. त्यापुढे एक शब्द नाही.

रोज मुक्कामाला पोहोचल्यावर बाई ट्रेलर त्याच्या पायांवर टेकवत, जागेवरच्या विजेच्या खांबाला केबल लावत आणि गाडी रात्रभर चार्ज करत. वन्सं शेजारी उभ्या राहून बघत. आधी झाकण उघडायचं, मग प्लग दाबून बसवायचा, हिरवा दिवा लुकलुकायला लागला की झालं. तिसऱ्या मुक्कामापर्यंत त्यांना ते पाठ झालं होतं. "म्हणजे मुक्काम आला की केबल लावायची," त्यांनी खात्री करून घेतली. "हो," बाई म्हणाल्या, आणि इथेच चुकल्या. त्यांनी म्हणायला हवं होतं, 'घाटमाथा सोडून.'

चौथ्या दिवशी चढ आला. बाई ब्याण्णव टक्क्यांनी त्याच्या तोंडाशी गेल्या आणि चौदा टक्क्यांनी माथ्यावर पोहोचल्या. वाटेत दोन ट्रेलरवाले धापा टाकत कडेला उभे होते. त्यांच्या गाड्यांची तोंडं उघडी होती. बाईंची गाडी त्यांच्या शेजारून गेली ती गुणगुणत. वन्संनी वळून वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, पण सवय नसल्यामुळे ते बाहेर पडलं नाही.

माथ्यावर कॅम्पर आणि तंबू लावायचा मोठा तळ होता. ट्रेलरच्या जागांना विजेचे खांब होते, तंबूवाल्यांकडे मात्र एक गार पाण्याचा नळ आणि वारा, बस. बाईंनी ट्रेलर टेकवला, चहा घेतला आणि उद्याचा उतार डोळ्यांखालून घालायला त्या पहिल्या वळणापर्यंत पायी गेल्या. गाडीला त्यांनी मुद्दाम केबल लावली नव्हती. पाऊस येणार असला की तलाव आधी थोडा रिकामा करून ठेवायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. उद्याचा उतार म्हणजे पाऊसच. ट्रेलरचं सगळं वजन मागून ढकलणार, मोटर उलटी फिरून त्याची वीज करणार, बॅटरी ती पिणार आणि त्यातच गाडीला आपोआप लगाम बसणार. ब्रेकला फारसं कामच उरणार नाही. फक्त त्यासाठी बॅटरीच्या पोटात जागा हवी.

इकडे वन्संनी खिडकीतून बघितलं, तर गाडी बिनकेबलची. त्यांचा जीव कसानुसा झाला. वहिनी दमल्या, विसरल्या. वन्सं बाहेर आल्या, प्लग रुमालाने पुसला आणि दाबून बसवला. हिरवा दिवा लुकलुकला. आयुष्यात पहिल्यांदा आपण गाडीचं काहीतरी केलं याचा त्यांना इतका आनंद झाला, की सांगायचंही नाही असं त्यांनी ठरवलं. सकाळी वहिनींना आपोआप कळेल. तसं ते कळलंच.

सकाळी सातला बाईंनी गाडी चालू केली आणि पडद्यावर शंभरचा आकडा उभा राहिला.

बाईंची कानशिलं तापली. त्या उतरल्या, मागे गेल्या, केबलकडे बघितलं. दारात वन्सं उभ्या होत्या, तोंडभर हसत.

"काठोकाठ भरली," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही विसरला होतात."

बाईंच्या जिभेवर जे आलं होतं ते छापण्यासारखं नाही. कंट्रोल रूममध्ये असं कुणी न विचारता खटका ओढला असता तर त्याला त्यांनी बाहेर काढलं असतं. पण ओढणाऱ्याला 'ओढू नको' असं कुणी सांगितलं होतं? एकतीस वर्षं आकडे सांगितले, कारणं कधी सांगितली नाहीत. चूक निम्मी आपलीच आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि त्याचा त्यांना जास्त राग आला.

त्यांनी खोल श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा नणंदेला नीट समजावून सांगितलं. उतारावर बॅटरीत जागा का हवी, जागा नसेल तर सगळा भार ब्रेकवर कसा येतो, ब्रेक तापले की काय होतं, आणि चोवीस किलोमीटर म्हणजे किती.

वन्संचं हसू उतरलं. त्या पायरीवर मटकन बसल्या.

"म्हणजे करायला गेले काय आणि उलटे झाले पाय," त्या म्हणाल्या. "वहिनी, आता?"

"आता रिकामी करायची. साठ टक्क्यांवर आणायची. उतारावर तीसेक टक्के भरेल, थोडी हातची ठेवली. साठ म्हणजे साठ."

"पण अकरा?"

"दहाला निघालो तर होईल."

गाडीच्या डिकीत घरातल्यासारखा एक सॉकेट होता. बाईंनी ट्रेलरची वायर खांबावरून काढली आणि त्या सॉकेटला जोडली. आता गाडी ट्रेलरला वीज पाजणार होती. ट्रेलरमधला पाणी तापवायचा बंब चालू केला. गाडीचा हीटर पुरा केला आणि चारही काचा खाली केल्या. आकडा शंभरवरून हलला तो नव्व्याण्णववर, आणि तिथे बराच वेळ रेंगाळला.

"असं बसून भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक हवं. वीज खाणारी माणसं हवीत."

माणसं समोरच होती. तंबूवाल्यांच्या बाजूला पाच सायकलवाले दवाने चिंब झालेले कपडे दोरीवर टाकून कुडकुडत उभे होते. त्यांच्या पलीकडे एक आई तीन पोरांना गार पाण्याने तोंड धुवायला लावत होती आणि तिन्ही पोरं सूर लावून रडत होती. बाई तिकडे गेल्या आणि कंट्रोल रूमच्या आवाजात म्हणाल्या, "गरम पाणी कुणाला हवंय? चहा? कपडे वाळवून मिळतील. सगळं आत्ताच्या आत्ता लागेल."

लोकांना आधी संशय आला. सकाळी सकाळी एवढं चांगुलपण म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं असणार. पण तीन पोरांच्या आईने आवाज ऐकला आणि बादली आणली. मग सायकलवाले आले. मग रांग लागली.

वन्सं आत गेल्या आणि इस्त्री घेऊन बाहेर आल्या.

"आणा ते कपडे," त्या सायकलवाल्यांना म्हणाल्या. "आणि हे काय, मोजे असे कुणी वाळत घालतं का? उलटे करा."

पाचही सायकलवाले तिशी-पस्तिशीचे धट्टेकट्टे बाप्ये, पण मुकाट्याने मोजे उलटे करायला लागले. मुख्याध्यापिका निवृत्त होते, आवाज होत नाही.

केटल, बंब आणि इस्त्री तिन्ही एकदम लावलं तर सॉकेटचा खटका पडत होता. एकदा पडलाच. त्यानंतर बाई डिकीपाशी उभ्या राहिल्या आणि पाळ्या लावून दिल्या.

"बंब बंद. इस्त्री चालू. केटल थांबा. हं, आता केटल."

"केटल चालू," एक सायकलवाला ओरडला.

"इस्त्री बंद," वन्सं ओरडल्या. "नाही, थांबा, बाही राहिली."

"बाही नंतर, वन्सं. आकडा काय?"

"त्र्याऐंशी!"

साडेआठला त्र्याऐंशी, नऊला शहात्तर. पोरांच्या अंघोळी झाल्या. सायकलवाल्यांचे कपडे वाळले, कडक झाले, एकाच्या तर चड्डीलाही घडी पडली. चहा इतक्यांदा झाला की कुणी प्यायला तयार होईना, तेव्हा बाईंनी नुसतंच पाणी उकळून ओतायला सुरुवात केली. वन्संना ते बघवेना. पण त्या तोंड फिरवून इस्त्री करत राहिल्या.

पावणेदहाला आकडा चौसष्टवर आला आणि हट्टाला पेटल्यासारखा हळू उतरू लागला. शेजारच्या मोठ्या कॅम्परमधून एक काका केव्हाचे खुर्ची टाकून हा तमाशा बघत होते. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला होता. ते उठून आले.

"बाई, एवढं कशाला? खालच्या गियरमध्ये टाका आणि जा. मी हा घाट हजारदा उतरलोय."

"ट्रक घेऊन ना, काका? तुमचं इंजिन केवढं होतं! ते धरून ठेवतं गाडीला. माझं इंजिन दीड लिटरचं. तेवढं पाणी मी प्रवासात एकटी पिते."

काका हसले. "मग ब्रेक आहेत की."

"आहेत. ते मला खालच्या गावात लागणार आहेत."

काकांनी मान डोलावली. वादात हरलेला माणूस सहसा अशी मान डोलवत नाही, बरोबरीचा माणूस भेटला की डोलवतो. त्यांनी स्वतःच्या कॅम्परमधून एक विजेची शेगडी आणली आणि म्हणाले, "ही लावा. मोठी खादाड आहे." बाईंनी बंब काढला आणि शेगडी लावली. ती रिकामीच लालबुंद होऊन बसली.

वन्सं घड्याळ बघत होत्या. दहा वाजले. एकसष्ट.

"वहिनी, निघू या ना. एकच तर राहिलाय. अकरा वाजले तर पोरगी ऐकायची नाही. किल्ली जाईल हो तुमची. आणि माझ्यामुळे जाईल."

बाईंनी तिकडे बघितलं. वन्संच्या हातात इस्त्रीची वायर होती, ती त्या पुन्हा पुन्हा गुंडाळत होत्या. बाईंच्या मनात आलं, एका टक्क्याने काय बिघडणार आहे? खरं तर काहीच बिघडलं नसतं. पण आज एकसष्टला साठ म्हटलं की उद्या सत्तरलाही म्हणता येतं, आणि मग लेकीने किल्ली काढून घेतली तर तिचं काय चुकलं?

"साठला निघायचं," त्या म्हणाल्या. "किल्ली गेली तर गेली, वन्सं. पण माझ्या हातात आहे तोवर ती नीट चालेल."

दहा वाजून नऊ मिनिटांनी साठ झाले. सायकलवाल्यांनी वायरी गुंडाळल्या, ट्रेलरचे पाय वर केले, चाकांचे अडसर काढले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी मागे उभं राहून ट्रेलरचे दिवे तपासले आणि हात वर केला.

पहिल्याच वळणावर वन्संनी डोळे मिटून घेतले. डाव्या हाताला कठडा होता आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं.

"वन्सं, मला रस्त्यावरून नजर काढता येणार नाही. आकडा तुम्ही वाचायचा. मोठ्याने."

वन्संनी एक डोळा उघडला. "साठ."

गाडी उतरत होती, आपल्या मर्जीने नव्हे, बाईंच्या मर्जीने. बाईंचा पाय ब्रेकजवळ होता, ब्रेकवर नव्हता. मागून ट्रेलरचं वजन जाणवत होतं, पण ते ढकलत नव्हतं, टेकून होतं.

"साठ. साठ. एकसष्ट. वहिनी! एकसष्ट झाले! केबल नसताना?"

"उतार भरतोय."

"बासष्ट. अगं बाई, त्रेसष्ट!"

दोन्ही डोळे कधी उघडले ते वन्संना कळलं नाही. त्या पडद्याला नाक लावून आकडे वाचत होत्या, आणि दर आकड्याला त्यांचा आवाज चढत होता. अडीच तास ओतून ओतून फेकलेलं कुणीतरी परत आणून देत होतं. सत्तरला त्या हसायला लागल्या. मधेच एका अवजड ट्रकच्या मागे अडकायला झालं. त्याच्या चाकांतून जळका वास येत होता. बाईंनी अंतर वाढवलं आणि त्याच्यामागून गोगलगाईसारख्या निघाल्या. ओव्हरटेक करायला एक जागा मिळाली होती, ती त्यांनी सोडून दिली.

घड्याळ मात्र कुणासाठी अंतर ठेवत नव्हतं. अकराला तीन वळणं उरली होती आणि फोन वाजला. पडद्यावर लेकीचा फोटो.

वन्संचा हात पुढे गेला.

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही आकडा वाचा."

"वहिनी, तो निघेल. न उचलला तर तो निघेल."

"घाटात फोन नाही. आकडा?"

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या. फोन वाजत राहिला आणि बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला. बाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. शेवटचं वळण त्यांनी पहिल्यासारखंच घेतलं, ना हळू ना जोरात.

पायथ्याला रस्ता रुंद झाला. बाईंनी ट्रेलर कडेला नीट सरळ घेतला, इंजिन बंद केलं आणि उतरून चारही चाकांजवळ हात धरून बघितला. कोमट. ट्रेलरचीही कोमट. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती आणि बॅटरी अठ्ठ्याऐंशीवर होती. त्या परत आल्या तेव्हा वन्संनी स्वतःच फोन लावला होता, दोघींना ऐकू येईल असा.

"आत्या! कुठे आहात? फोन का नाही उचलला? हे चप्पल घालून दारात उभे आहेत!"

"पायथ्याला आहोत. सहा मिनिटं उशीर झाला."

"काय झालं? आत्या, मला खरं सांग. तुला विचारतेय म्हणून विचारतेय."

बाई दारापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी वन्संकडे बघितलं नाही. समोर एक दुकान होतं, त्याच्या पाटीवरची अक्षरं त्या वाचत राहिल्या आणि एकही अक्षर लागत नव्हतं.

"खरं सांगते," वन्सं म्हणाल्या. "वर तीन तास अडकलो."

तिकडे लेकीने श्वास सोडला. "मला माहीतच होतं."

"तुला काहीच माहीत नाही. अडकलो ते माझ्यामुळे. तुझ्या आईने गाडी जशी ठेवली होती तशी मी राहू दिली नाही. न विचारता हात लावला. माझं चुकलं. ते तिने निस्तरलं, आणि मला घालूनपाडून बोललीसुद्धा नाही. एक टक्का राहिला होता तेव्हा मी म्हटलं, निघू या, किल्ली जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. तू फोन केलास तेव्हा मी उचलणार होते. तिने नाही उचलू दिला. तिला माहीत होतं, त्या एका फोनवर तिचं काय जाणार आहे. तरी नाही." वन्संनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "मी सत्तावीस वर्षं शाळा चालवली. तुझ्या आईसारखं माणूस माझ्या शाळेत असतं तर मी रात्री झोपले असते. हे खरं आहे. आता तुझं तू ठरव."

तिकडे मागे जावयाचा आवाज ऐकू आला, "मी निघू की नको?"

"आईला दे," लेक म्हणाली.

"ऐकतेय," बाई म्हणाल्या.

"आई." लेकीचा आवाज बसला होता. ती रडली होती की काय, ते सांगता येत नव्हतं. "आमचं फाटक अरुंद आहे. ट्रेलर उलटा आत घ्यावा लागेल. यांना नाही जमत, शेजाऱ्यांचा लावायला गेले होते, तर भिंत पाडून आले. इथे कुणालाच जमत नाही."

"बरं."

"तुलाच घ्यावा लागेल."

एकतीस वर्षं ज्या बाईंनी आकडा सांगताना कधी आवाज कापू दिला नव्हता, त्यांना आता एवढंसं उत्तर देता येईना. डोळे भरून आले. वन्संनी आपला रुमाल पुढे केला, कडक इस्त्रीचा.

"फाटकाची रुंदी मोजून ठेव," अखेर बाई म्हणाल्या. "आणि त्यांना सांग, चप्पल काढा. आम्ही संध्याकाळपर्यंत येतो."